दुसरा काळा गोल

सातशे चौदा क्रमांकाचा बदल अंगात असलेल्या स्त्रिया नॉर्वेत, जपानमध्ये आणि तमिळनाडूत ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे जगतात. महाराष्ट्रात त्याच बदलाच्या स्त्रियांना पंचेचाळिशीच्या आसपास अंडाशयाचा कर्करोग होतो.

२०४१ सालच्या जानेवारीत राज्याच्या अधिकृत सूचीत हे जवळजवळ याच शब्दांत नोंदलेले होते. त्या वेळी मी सांगलीच्या जिल्हा जनुकसल्ला केंद्रात समुपदेशक होते. सूचीत जे असेल ते रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे, हे माझे काम. त्यावर विश्वास ठेवणे कामाच्या अटींत नव्हते.

माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएची सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. कोणत्याही दोन माणसांच्या अक्षरांत लाखो ठिकाणी फरक असतो आणि त्यांपैकी बहुतेक फरकांनी कोणाचेच काही बिघडत नाही. त्यामुळे बदल सापडणे ही मोठी गोष्ट नाही. सापडलेल्या बदलाचा अर्थ लावणे, ही मोठी गोष्ट आहे. म्हणून चाचणीपूर्वीच मी प्रत्येकाला सांगत असे की उत्तर तीनपैकी एक येईल: धोक्याचा बदल सापडला, सापडला नाही, किंवा बदल सापडला पण त्याचा अर्थ आज कोणालाही माहीत नाही. लोक पहिल्या दोन उत्तरांची तयारी करून येतात. तिसऱ्याची कोणी करत नाही.

हे तिसरे उत्तर संपवण्यासाठी राज्याने ‘वंशवेल’ नावाची यंत्रणा उभारली होती. १९८५पासूनचे रुग्णालयांतले सगळे कागद, हस्ताक्षरातलेसुद्धा, तिने वाचून काढले. कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाची मुलगी, हे जुळवले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे प्रयोगशाळा मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवतात. ते ठोकळेही तिने मागवून तपासले. तत्त्व सरळ होते. एका बहिणीत एखादा बदल असेल, तर तो दुसऱ्या बहिणीत असण्याची शक्यता निम्मी, नाणे उडवल्यासारखी. एका घरात दोन बहिणी आजारी असल्या आणि दोघींत तोच बदल सापडला, तर त्याला योगायोग म्हणता येते. पण सात घरांत सातही वेळा असेच घडले, तर त्या योगायोगाची शक्यता एकशे अठ्ठावीसात एक एवढीच उरते.

सातशे चौदाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. हा बदल असलेली अकरा घरे महाराष्ट्रात सापडली. चार घरांत आजारी स्त्री एकेकच होती. उरलेल्या सात घरांत दोन-दोन बहिणी आजारी होत्या आणि सातही वेळा दोघींत तो बदल होता. वंशवेलने त्याला ‘अर्थ अज्ञात’मधून काढून ‘धोकादायक’मध्ये टाकले. परदेशात आणि शेजारच्या राज्यांत तो निरुपद्रवी का, याची कारणे शोधायला मग हुशार माणसे पुढे आली. एका शोधनिबंधाने द्राक्षबागांवरच्या फवारणीला दोष दिला, दुसऱ्याने मिश्रीला. मी दोन्ही वाचले. दोन्हींतली गणिते बरोबर होती, एवढेच मी म्हणेन.

*

सानिका तोडकर चार फेब्रुवारीला निकाल घ्यायला आली. वय तेहतीस. इचलकरंजीच्या एका कारखान्यात ती साड्यांच्या काठांचे नमुने तयार करत असे. सोबत नवरा होता, प्रथमेश, आयटीआयमध्ये शिकवणारा. तीन महिन्यांपूर्वी वंशवेलकडून तिच्या फोनवर आपोआप सूचना गेली होती की जवळच्या नात्यात कर्करोग आढळला आहे, मोफत चाचणी करून घ्यावी.

“मॅडम, आधी आकडा सांगा,” ती म्हणाली. “समजावणं नंतर.”

“शंभरात चाळीस. आयुष्यभराचा धोका. वंशवेलच्या मते.”

“आणि तुमच्या मते?”

हा प्रश्न मला क्वचितच विचारला जाई. “माझ्या मताला आकडा नाही,” मी म्हणाले. “पण सूचीत आहे ते मला तुमच्यापासून लपवता येत नाही.”

मी पडद्यावर तिचा वंशपट दाखवला. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे गोल. आजारी व्यक्तीचे चिन्ह काळे भरलेले. तिच्या वडिलांच्या चौकोनाशेजारी, एकाच आडव्या रेषेला लोंबणारे दोन काळे गोल होते. एकाखाली ‘निदान ४४’, दुसऱ्याखाली ‘मृत्यू ४६’.

“हे कोण?”

“तुमच्या वडिलांच्या बहिणी.”

“मला एकच आत्या होती. आक्काआत्या. मी वर्षाची होते तेव्हा गेली. तिला कॅन्सर होता, हे माहितीये.” तिने दुसऱ्या गोलावर बोट ठेवले. “हा कुणाचा?”

ते मलाही दिसत नव्हते. नातेवाइकांची नावे समुपदेशकापासूनही झाकलेली असत. कायदा तसा होता आणि बहुतेक वेळा तो योग्यच होता.

पुढचे सगळे नियमाप्रमाणे सांगितले. घरात सर्वांत लहान वयात आजार झाला असेल, त्याच्या दहा वर्षे आधी अंडाशये काढावीत, अशी शिफारस होती. चव्वेचाळीस वजा दहा. सानिकाला एकवीस मार्चला चौतिसावे पूर्ण होणार होते. मूल नव्हते. फोनवर सूचना आल्यापासून बीजांडे गोठवून ठेवण्याचे दोन प्रयत्न तिने केले होते, दोन्ही मिळून तीन बीजांडे हाती आली होती. गोठवलेल्या तीन बीजांडांतून मूल होण्याची शक्यता किती, हेही तिने विचारले. मी सांगितले. प्रथमेशने टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत जिथल्या तिथे ठेवला.

“शस्त्रक्रिया सक्तीची नाही,” मी म्हणाले. “निर्णय तुमचा आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी, हा दुसरा मार्ग. पण हा आजार तपासणीत वेळेवर सापडतोच असे नाही, हे खरे आहे.”

“म्हणजे मार्ग एकच आहे,” सानिका म्हणाली. “तुम्ही दोन म्हणताय, तेवढंच.”

तिने एकोणीस मार्चची तारीख घेतली.

*

पुढच्या महिन्यात त्या दुसऱ्या गोलाने तासगावच्या खाडे कुटुंबात, म्हणजे सानिकाच्या माहेरी, जे केले ते मला तिच्या फोनवरून तुकड्यातुकड्याने कळत गेले.

सानिकाचे वडील विलास खाडे दहा वर्षांपूर्वी वारले होते. आजोबा त्याआधीच. विचारायला आईच उरली होती. आई, सुनंदाबाई, ठामपणे म्हणत होत्या की नणंद एकच. आक्का. दुसरी नव्हतीच.

“मशीन खोटं बोलेल का?” सानिकाने विचारले.

“मशीन आलं होतं का आपल्या घरात राहायला?” आई म्हणाली.

पण यंत्राचा कागद रंगीत होता आणि त्यावर राज्याची मुद्रा होती. आठवडाभरात घरात अशी चर्चा सुरू झाली की आजोबांचे बाहेर काहीतरी होते आणि ही दुसरी बहीण त्या घरातली. मग एका नातेवाइकाला ती आठवूही लागली. हे तानाजीमामा, सुनंदाबाईंचे भाऊ.

“मला आठवतंय ना,” मामा म्हणाले म्हणे. “रत्नीच्या लग्नात लाल लुगडं नेसलेली एक बाई कोपऱ्यात बसलेली. कोण म्हणून विचारलं, तर सगळे गप्प.”

सानिकाला ते पटले. आपल्या घरात एक अख्खी बाई दडवून ठेवली गेली, ती बाई आपल्याच रोगाने मेली, आणि आईने तेहतीस वर्षांत चकार शब्द काढला नाही, असे तिच्या मनाने घेतले. आधी कळले असते तर आपण चार वर्षांपूर्वीच मूल होऊ दिले असते, हा तिचा हिशेब होता, आणि त्या हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. तिने आईशी बोलणे बंद केले.

समुपदेशकाने घरातल्या भांडणात बाजू घ्यायची नसते. मी घेतली नाही. पण कागद माझ्या हातून गेला होता, त्यामुळे एक बाजू आपोआप घेतली गेली होती.

त्या महिन्यात मी सातशे चौदाबद्दल वंशवेलच्या कार्यालयाला तीन पत्रे लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आले: ‘स्थानिक पर्यावरणीय घटकांचा अभ्यास सुरू आहे.’ नावे उघड करून मागण्याची तरतूद नियमांत होती. ती मला ठाऊक होती. मी ती वापरली नाही, कारण नावांनी काय कळणार, असे मला वाटले. ही चूक माझी आहे आणि ती इथे नोंदवणे भाग आहे.

*

आठ मार्चला सुनंदाबाई रक्त द्यायला आल्या. बदल वडिलांकडून आला की आईकडून, हे पक्के करण्यासाठी आईचा नमुना लागतो. सोबत तानाजीमामा होते. सानिकाही आली होती, पण आईपासून दोन खुर्च्या सोडून बसली होती.

परिचारिकेने दारातून नाव पुकारले. “सुनंदा विलास खाडे!”

सुनंदाबाईंचे लक्ष नव्हते. मामांनी व्हरांड्याच्या त्या टोकावरून चहाचा कप हलवत ओरडून सांगितले, “ए रत्ने, ऊठ की! तुलाच बोलवत्यात.”

परिचारिका थांबली. केंद्राचा नियम होता: कागदावरचे आणि तोंडचे नाव जुळले नाही तर सुई टोचायची नाही. तिने मला बोलावले.

“रत्ना कोण?” मी विचारले.

“मीच,” सुनंदाबाई म्हणाल्या.

“मग सुनंदा?”

“ती पण मीच. रत्ना माहेरची. लग्नात ह्यांनी सुनंदा ठेवलं.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “असं काय विचारताय मॅडम? तुमच्यात नाही का ठेवत?”

ठेवतात. निदान ठेवत असत. २०११ साली माझ्या लग्नात सासूबाईंनी तांदळाचे ताट पुढे सरकवले होते, नवऱ्याने अंगठीने त्यावर नवे नाव लिहावे म्हणून. मी ‘नको’ म्हटले होते, त्यांनी ताट मागे घेतले होते, आणि तो विषय माझ्यापुरता तिथेच संपला होता. नंतरच्या तीस वर्षांत ही प्रथा इतकी मागे पडली की सानिकाच्या वयाच्या मुलींना ती फक्त ऐकून माहीत होती. वंशवेल बांधणाऱ्या मुलामुलींचे सरासरी वय सव्वीस होते आणि त्यांचे कार्यालय बंगळुरात होते. आडनाव बदलते हे त्यांनी लक्षात घेतले होते. माणसाचे स्वतःचे नावच बदलते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या कोणीत मीही होते.

मी सुनंदाबाईंसमोर खुर्ची ओढून बसले.

“तुमच्या नणंदेचं नाव काय होतं?”

“आक्का.”

“कागदावरचं?”

“कागदावरचं कोण म्हणतंय? माहेरचं शालन. सासरचं… काहीतरी लांबलचक होतं बघा. आक्का गेल्यावर वर्षाच्या आत भावजींनी दुसरं लग्न केलं. तेव्हा जी बोलाचाली झाली, त्यानंतर येणं-जाणं नाही.”

दोन खुर्च्यांपलीकडून सानिकाने मान वर केली. मामांचा चहा निवला होता.

*

नावे मागण्याचा अर्ज मी त्याच दुपारी केला. ‘कारण’ या रकान्यात लिहिले: ‘दोन व्यक्ती खरोखर दोन आहेत का, याची खात्री करणे.’ दोन दिवसांत फायली आल्या.

पहिला काळा गोल: शालन रामचंद्र खाडे, वय ४४, राहणार तासगाव, शस्त्रक्रिया मिरजेला, ऑगस्ट २००५. सोबत आलेले नातेवाईक: भाऊ विलास.

दुसरा काळा गोल: वैजयंता दत्तात्रय कणसे, वय ४६, राहणार विटा, पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया व मृत्यू पुण्याला, मे २००८. रक्तदाता: विलास रामचंद्र खाडे, नाते भाऊ.

दोघींचा भाऊ एकच, म्हणून दोघी बहिणी. पहिलीचे जन्मवर्ष वयावरून १९६१ निघत होते, दुसरीचे १९६२. तर्कात खोट नव्हती. पुण्याच्या फायलीत मात्र, चौथ्या पानावर, डॉक्टरांच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: ‘गर्भाशय व दोन्ही अंडाशये पूर्वीच काढलेली, मिरज, २००५.’ वंशवेलने ती ओळ वाचली होती. तिला विचारलेले प्रश्न आजार, वय आणि नाते एवढेच होते. जे अवयव जागेवर नाहीत त्यांच्याबद्दल तिला कोणी विचारले नव्हते.

अकरा मार्चला मी, सानिका आणि सुनंदाबाई विट्याला गेलो. गाडीत मायलेकी मागच्या आसनावर दोन खिडक्यांना चिकटून बसल्या होत्या.

दत्तात्रय कणसे चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. सुनंदाबाईंना दारात पाहून ते उठले, मग पुन्हा बसले.

“भांडायला आला असाल तर वेळ गेली,” ते म्हणाले. “मला आता ऐकू कमी येतं.”

“भांडायला नाही, भावजी,” सुनंदाबाई म्हणाल्या. “ही विलासरावांची सानिका. हिला आक्काचं नाव पाहिजे.”

“कुठलं?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग सुनेला हाक मारून कपाटावरची प्लॅस्टिकची पिशवी मागवली. पिशवीत एक लग्नपत्रिका होती, पिवळी पडलेली. वधू, चि. सौ. कां. शालन. त्याखाली एक्स-रेचा लखोटा, आणि लखोट्यात मृत्यूचा दाखला: वैजयंता दत्तात्रय कणसे.

“नाव मी ठेवलं,” ते म्हणाले. “आमच्या आजीचं. ताटातल्या तांदळात लिहिताना एक मात्रा राहिली, तर सगळ्या बाया हसल्या. पण त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणायचो. ती ओ द्यायची.” दाखला लखोट्यात परत सरकवत ते म्हणाले, “त्या नावानं तिला फक्त दवाखान्यात बोलवलं. पुण्याला. पहिल्यांदा पुकारलं तेव्हा तिच्या ध्यानातच आलं नाही, मी कोपरानं ढोसलं.”

“मिरजेला शालन का लिहिलं?”

“मिरजेला मी कुठं होतो?” त्यांचा आवाज चढला. “दुखायला लागलं तेव्हा मी तिला माहेरी पाठवलं. चार दिवस आराम होईल म्हणून. विलासनं तिकडं दाखवलं, ऑपरेशन ठरवलं, आणि माझ्यावर राग म्हणून कागदावर बापाचं नाव घातलं. माझं नाव नको त्याला. मी गेलो तर मला म्हणाला, ‘ही आमची शालन आहे, तुमची कोण ते तुम्ही बघा.’” ते सुनंदाबाईंकडे वळले. “चूक होती माझी. आजारी बाईला एसटीत बसवून दिलं. पण पुण्याला तीन वर्षांनी मीच घेऊन फिरलो. रक्त द्यायला विलास आला, ते पण खरं आहे.”

“आतोबा,” सानिका म्हणाली. हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी उद्देशून वापरला असावा. “आक्काआत्याला बहीण होती का? सख्खी, सावत्र, कसलीही?”

“बहीण? बहीण असती तर मी तिला एकटीला एसटीत बसवलं असतं का? बहिणीला बोलावून घेतलं असतं.”

सुनंदाबाई पिशवीतल्या पत्रिकेची घडी पुन्हा घालत होत्या. घडी जुनी होती, ती आपोआप बसली.

*

साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. म्हातारा माणूस चुकीचे सांगू शकतो, आणि लाल लुगड्याचा अनुभव ताजा होता. दोन्ही मेणाचे ठोकळे मी परत मागवले. इतक्या जुन्या मेणात डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात, म्हणून वंशवेलने त्यांत फक्त सातशे चौदाची जागा वाचली होती. मी व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या चोवीस खुणा वाचायला सांगितल्या. दोन सख्ख्या बहिणींत त्या चोवीसच्या चोवीस जुळणे जवळजवळ अशक्य असते. एकसारख्या जुळ्या बहिणींत त्या जुळतात. पण जुळ्या बहिणींपैकी एकीचे अवयव काढल्याने दुसरीचे नाहीसे होत नाहीत. जन्मवर्षांतला एका वर्षाचा फरक पूर्ण वर्षांत लिहिलेल्या वयामुळे पडला होता.

सतरा मार्चला सकाळी साडेअकराला निकाल आला. चोवीसपैकी चोवीस.

सानिका, प्रथमेश आणि सुनंदाबाई दुपारी आले. मी वंशपट पडद्यावर लावला आणि दुसरा काळा गोल पुसला. त्याला एक कळ दाबावी लागते. ‘खात्री आहे का?’ असे यंत्र विचारते. मी ‘होय’ म्हटले.

“आता आकडा?” सानिकाने विचारले.

“बाकीच्या सहा घरांचे ठोकळे आजच तपासायला गेले आहेत. ते येईपर्यंत सातशे चौदा ‘अर्थ अज्ञात’मध्ये परत गेला आहे. अर्थ अज्ञात असलेल्या बदलासाठी कोणाचीही अंडाशये काढत नाहीत. परवाची शस्त्रक्रिया मी रद्द करायला सांगितली आहे. तुमची सही लागेल.”

“आणि धोका?”

“एका आत्याला हा आजार होता. त्यामुळे तुमचा धोका इतर बायकांपेक्षा किंचित जास्त असू शकेल. किती, ते मला माहीत नाही.”

सतरा वर्षांच्या नोकरीत ‘माहीत नाही’ हे शब्द मी हजारो लोकांना सांगितले होते. ते ऐकून कोणी टेबलावर डोके टेकवून हसल्याचे मला आठवत नाही. सानिका हसली. हसता हसता तिने प्रथमेशचा दंड इतका घट्ट धरला की तो “अगं, हळू” म्हणाला.

मग ती आईकडे वळली.

“मी सांगितलं होतं,” सुनंदाबाई म्हणाल्या. “एकच होती.”

“हो.”

“मशीनला विचारण्याआधी मला विचारायचं.”

“विचारलं होतं, आई. तुझं ऐकलं नाही, एवढंच.”

“ते आता ऐक. सही कर आणि चल. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या.”

सानिकाने सही केली. सही ‘सानिका विलास खाडे-तोडकर’ अशी होती. दारातून बाहेर पडताना सुनंदाबाईंनी मामांना फोन लावला. मामांचा आवाज व्हरांड्यातून मलाही ऐकू आला. “मला वाटलंच होतं,” ते म्हणत होते. “ती लुगडंवाली शेजाऱ्यांची असणार.”

*

उरलेल्या सहा घरांचे निकाल एप्रिलअखेर आले. सहाही घरांत दोन काळ्या गोलांची मिळून एकच स्त्री निघाली. काही जणींना पहिल्यांदा माहेरच्यांनी दवाखान्यात नेले होते आणि नंतर सासरच्यांनी. दोघींना एकदा भावाने आणले होते व नंतर एकदा मुलाने. आजारी बाईचे नाव ती स्वतः क्वचितच सांगते. तिला घेऊन आलेला माणूस त्याला माहीत असलेले नाव सांगतो. २०२७ साली प्रत्येकाला जन्मभराचा आरोग्य क्रमांक मिळाल्यानंतर असे होणे थांबले. पण हे सगळे कागद त्याआधीचे होते.

म्हणजे नाणे सात वेळा उडवलेले नव्हते. एकदाही उडवलेले नव्हते. सात घरांत तेच नाणे दोनदा मोजले होते, आणि दोन्ही वेळा त्याची बाजू सारखीच दिसली, यात आश्चर्य नव्हते.

अकरा घरांतल्या पाच स्त्रियांची शस्त्रक्रिया तोवर होऊन गेली होती. त्यांपैकी तिघींना आधीच मुले होती, दोघींना नव्हती. त्या पाचही जणींना मी स्वतः जाऊन भेटले. त्या भेटींबद्दल लिहिण्याची त्यांनी मला परवानगी दिलेली नाही.

सानिकाला पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मुलगी झाली. गोठवलेल्या तीन बीजांडांना हात लावावा लागला नाही. जन्मनोंदणीच्या अर्जावर बाळाचे नाव शालन असे लिहिलेले मी पाहिले. नाव सांगणारी व्यक्ती, या रकान्यात ‘आई’ असे होते.

वंशवेलकडे पाठवलेल्या माझ्या अंतिम टिपणाचा शेवटचा परिच्छेद असा होता:

‘सातशे चौदा हा बदल महाराष्ट्रात इतर ठिकाणांपेक्षा अधिक घातक असल्याचा कोणताही पुरावा नाही. फवारणीशी, मिश्रीशी किंवा हवापाण्याशी याचा संबंध नाही. महाराष्ट्रातील अनेक घरांत लग्नाच्या वेळी वधूचे नाव बदलत असत. त्यामुळे सात आजारी स्त्रियांची चौदा म्हणून गणना झाली. कारण एवढेच आहे.’